घराचा पहिला हिवाळा: बर्फ पडायच्या आत काय काय उरकायचं?

नवघरमालक | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं अपार्टमेंटमध्ये काढली. हिवाळा आला हे तिथे कळायचं ते रेडिएटर खडखडायला लागला की. या जूनमध्ये मिनिआपोलिसच्या पश्चिमेला एका उपनगरात घर घेतलं. १९७४ चं बांधकाम, खाली बेसमेंट, वर माळा. शेजारचे आजोबा रोज कुंपणापाशी थांबून "झाली का तयारी?" विचारतात आणि मी "चालू आहे" म्हणून आत सटकतो. तयारी म्हणजे नक्की काय, हे त्यांना विचारायची लाज वाटते. तुम्हाला विचारायची नाही.

माझ्या डोक्यात आत्ता एवढंच आहे: फर्नेसचा (घर तापवणाऱ्या भट्टीचा) फिल्टर बदलणे, पन्हळी साफ करणे, बर्फाचं फावडं आणणे. बायकोचं म्हणणं, जेवणघरातल्या खिडकीतून वारा येतो. मला तो भास वाटतो.

काय राहिलंय? आणि कशासाठी माणूस बोलवायचा, काय आपलं आपण करायचं? डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणार आहोत, भाच्याची मुंज आहे. तेव्हा घर रिकामं असेल.

---

कॅलगरीकर | रात्री ९:३४

वहिनींचं बरोबर आहे. (हे वाक्य कुठल्याही धाग्यावर चालतं.)

वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती लावा आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेने हळू फिरवा. धूर जिथे आडवा होईल तिथे फट. हीच उदबत्ती बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगपाशी आणि माळ्यावर जायच्या झाकणापाशीही फिरवा. त्या झाकणाला बहुतेकांनी कधी पट्टी लावलेलीच नसते.

चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीला कॉक (फट बुजवायचा लवचिक लगदा). उघडमीट होते तिथे फोमची किंवा रबरी पट्टी. हिवाळाभर उघडायचीच नाही अशा खिडकीला आतून प्लास्टिकची फिल्म लावा. चिकटवून हेअर ड्रायर फिरवला की ती ताणून बसते. पण कॉकिंग आत्ताच उरका, कारण ४० फॅ. (फॅरनहाइट) च्या खाली गेलं की बहुतेक कॉक धड धरत नाही.

---

टोळभैरव | रात्री ९:४१

यादीतलं पहिलं काम: घर विका आणि टेक्सासला या. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा)

---

डॅलसचा_दिगू | रात्री १०:०२

@टोळभैरव, या, अवश्य या. फेब्रुवारी २०२१ ला आला असतात तर मजा बघितली असती. १६ तारखेला डॅलसला उणे २ फॅ., म्हणजे उणे १९ से. होतं आणि वीज गेलेली. आमच्याकडे घरं उन्हाळ्यासाठी बांधतात. पाण्याचे पाइप कितीतरी घरांत माळ्यावरून जातात, वर गुंडाळलेलं काही नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पाइप ते सहन करत नाही. आणि गंमत म्हणजे फुटल्याचं लगेच कळतही नाही. बर्फ वितळला की छतातून धार लागते. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात एकच प्रश्न ऐकू येत होता, "मेन व्हॉल्व्ह कुठाय?" निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

तेव्हा धागाकर्ते, फिल्टरबिल्टर राहू दे. आज रात्री बेसमेंटमध्ये जा, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह शोधा, फिरतो का बघा, त्याला लाल चिठ्ठी बांधा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा. मुलांनासुद्धा.

---

जुनी_जाणती | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

दिगूला जोरदार अनुमोदन. मी याच गावात मुलं वाढवली, आता नातवंडं आहेत, तेव्हा जरा लांबण लावते.

थंडी घराचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडवतं ते नको तिथे साठलेलं पाणी. हे एकदा ध्यानात घेतलं की कामांचा क्रम आपोआप लागतो.

सगळ्यात आधी बागेचा नळ. आतून त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग बाहेरचा नळ उघडा ठेवून उरलेलं पाणी निथळू द्यायचं. रबरी नळी काढून ठेवायची. "माझा नळ फ्रॉस्ट-फ्री आहे" म्हणणारे इथेच फसतात. नळी लावलेली राहिली तर पाणी निथळतच नाही आणि तो नळ भिंतीच्या आत फुटतो. जमिनीत स्प्रिंकलर असेल तर माणूस बोलवा. हवा मारून पाइप रिकामे करावे लागतात आणि टायरमध्ये हवा भरायच्या घरगुती कॉम्प्रेसरला तेवढी हवा पुरवता येत नाही.

मग पन्हळी. पानं सगळी पडून झाल्यावर करा, नाहीतर दोनदा शिडी चढाल. आणि खाली उतरणाऱ्या नळकांड्याचं तोंड घरापासून चारसहा फूट लांब काढा, म्हणजे मार्चमधलं वितळलेलं पाणी बेसमेंटात येणार नाही.

आता आइस डॅम. छपराच्या कडेला लोंबणारे सुळके बघून लोक फोटो काढतात. मला ते दिसले की धडकी भरते. माळ्यावर पुरेसं इन्सुलेशन नसलं की घरातली ऊब छपरापर्यंत जाते, वरचा बर्फ खालून वितळतो, पाणी कडेपर्यंत ओघळतं. कड गार असते, तिथे ते परत गोठतं. असा बांध झाला की मागचं पाणी कौलांखाली शिरतं आणि आतल्या भिंतीवर डाग उमटतो. खरा उपाय माळ्यावरच आहे. आधी दिव्यांच्या नि पाइपांच्या भोकांभोवतीच्या फटी बुजवायच्या, मग इन्सुलेशन. इथे आर-४९ (आर म्हणजे ऊब अडवायचं माप) तरी हवं, म्हणजे सेल्युलोज असेल तर साधारण १४ इंचांचा थर. तुमच्या १९७४ च्या घरात त्याच्या निम्माही असेल असं वाटत नाही. तोवर लांब दांड्याचं रेक आणून जमिनीवर उभं राहून कडेचे तीनचार फूट बर्फ ओढून काढत जा. हातोडी घेऊन छपरावर चढू नका. बांध झालाच तर जुन्या पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड (बर्फ वितळवणारा क्षार) भरून त्यावर आडवा ठेवा, पाण्याला वाट होते.

फर्नेसची तपासणी दरवर्षी माणसाकडून. फिल्टर तुम्हीच बदला, त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म तपासा. आपल्या राज्यात, मिनेसोटात, कायद्याने प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत असावा लागतो.

आणि घाई करा. इथले जुने लोक अजून १९९१ च्या हॅलोविनच्या गोष्टी सांगतात. ३१ ऑक्टोबरला पडायला लागला तो ३ नोव्हेंबरपर्यंत, २८ इंचांवर बर्फ. लोकांची पानं बर्फाखाली गेली ती वसंतातच निघाली.

---

सई_मिसिसागा | सकाळी ८:०३

जाणतीताई, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

एक भर: नव्या फर्नेसला धुराडं नसतं, बाहेरच्या भिंतीतून दोन पांढरे पाइप निघतात. वादळानंतर अंगण साफ करण्याआधी त्या पाइपांपुढचा बर्फ काढायचा. ते बुजले तर फर्नेस बंद पडते, आणि धूर कोंडला तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

---

हिशेबी | सकाळी ९:२०

थर्मोस्टॅटबद्दल कुणीच बोललं नाही? आमच्याकडे २४ तास ७० फॅ. वर. कमीजास्त केलं की परत तापवायला उलट जास्त गॅस जातो.

---

कॅलगरीकर | सकाळी ९:३१

@हिशेबी, नावाला जागा हो. घर किती उष्णता गमावतं हे आतबाहेरच्या फरकावर ठरतं. रात्री आठ तास आत ६३ असेल तर फरक कमी, गळती कमी. सकाळी तापवायला जो गॅस लागतो तो रात्री वाचलेल्यापेक्षा कमीच असतो. तुमचं म्हणणं हीट पंपाला (बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणाऱ्या यंत्राला) काही वेळा लागू पडतं, कारण एकदम तापमान चढवायला गेलं की त्याची विजेची जादा कॉइल सुरू होते. गॅसच्या फर्नेसला नाही.

---

हिशेबी | सकाळी ९:४०

माझ्याकडे हीट पंपच आहे.

---

कॅलगरीकर | सकाळी ९:४२

मग तुमचं बरोबर. आधी सांगायचं ना राव!

---

टोळभैरव | सकाळी ९:५५

पॉपकॉर्न आणून बसलो होतो. दोन मिनिटांत समेट? या संस्थळाचं काही खरं नाही.

---

म्युनिकची_माही | दुपारी १:१२

तुमच्याकडे सगळे फटी बुजवायच्या मागे आणि आमच्याकडे घरमालक भर जानेवारीत खिडक्या उघडायला लावतो! जर्मनीत भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची हिवाळ्यातली पहिली भीती भिंतीवरच्या बुरशीची. खिडक्या पक्क्या, स्वयंपाक आपला, वाळत घातलेले कपडे आतच. ओलावा जातो कुठे? बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे. म्हणून दिवसातून तीनचारदा रेडिएटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाचदहा मिनिटांत मिटायच्या. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं सगळ्यात वाईट, भिंत गार पडते आणि हवा तशीच राहते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. रेडिएटरचा वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला तर किल्लीने हवा काढायची, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद.

---

जुनी_जाणती | दुपारी ३:३०

माही, ओलाव्याचं अगदी खरं. इथे मात्र उलटंही होतं. फर्नेसने हवा इतकी कोरडी पडते की ओठ फुटतात, म्हणून लोक ह्युमिडिफायर लावतात आणि ४५ टक्क्यांवर ठेवून मोकळे होतात. बाहेर उणे १० फॅ. असेल तर आत २५ टक्क्यांच्या वर नको. काचेवर पाणी धरतं, चौकट कुजते. काचेच्या खालच्या कडेला बर्फ दिसला की ह्युमिडिफायर खाली करा आणि ओठांना तूप लावा.

---

मी_निफाडकर | रात्री ८:४५ (भारत)

वाचून अंगावर काटा आला, तिकडचा. आमच्या निफाडला पारा ५ च्या खाली गेला की पेपरात फोटो येतो. आमची धावपळ घरासाठी नसते, बागेसाठी असते. द्राक्षाचा मणी कडाक्यात तडकतो. मग पहाटे बांधावर शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, ठिबक सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. घरात म्हातारी माणसं शेगडी घेऊन बसतात आणि आम्ही मफलर गुंडाळून बागेत.

आजोबांचं धाब्याचं घर होतं. दोन हात जाड भिंती, वर पांढरीच्या मातीचा थर. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. ते पाडून स्लॅबचं बांधलं आणि आता दोन्ही ऋतूंत बिल येतं. आर-४९ वगैरे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण होतं आमच्याकडे काहीतरी.

---

नागपुरी_तडका | रात्री ९:१०

बाप्पा, निफाडचंच काय सांगता? २९ डिसेंबर २०१८ ला आमच्या नागपुरात ३.५ होतं. ज्या गावात मे महिन्यात कूलरची खस बदलायची तयारी असते, तिथं लोक कूलरच्या खिडकीला गोधडी ठोकून बसले होते. हेच आमचं विंटरायझेशन.

---

पेठेतला | रात्री ९:२८

पुण्याची नोंद १७ जानेवारी १९३५ ची आहे, १.७ से. फक्त माहितीसाठी.

---

टोळभैरव | रात्री ९:३०

पुण्याची नोंद येणार हे ठाऊक होतं, फक्त वेळ बघत होतो.

---

पेठेतला | रात्री ९:५२

हसा. पण एक गंभीर गोष्ट, भारतातल्या वाचकांसाठी. थंडी सुरू झाली की गॅस गिझरच्या बातम्या येतात. लहान बाथरूम, दार बंद, खिडकी बंद, आत गिझर पेटलेला. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, माणूस आत पडतो आणि बाहेरच्यांना कळत नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आतच असेल तर थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावू नका. आमच्या इमारतीत कळकळून सांगितलं तरी दोन घरांत पुठ्ठा आहेच. खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं, तेही तसंच.

---

सई_मिसिसागा | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

अवांतर: तुळस आणि कढीपत्ता आत आणले का कुणी? दोघांनाही १० से. च्या खाली सोसत नाही. कढीपत्ता आत आणला की पानं गाळतो, मेला समजून टाकू नका. पाणी अगदी कमी करा, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, मार्चमध्ये फुटतो. तुळस माझी कधीच टिकत नाही, म्हणून सप्टेंबरातच मंजिऱ्या काढून डबीत ठेवते. कार्तिकात लग्न लावायला कुंडीतली तुळस लागतेच.

---

आंबोळी | सकाळी ८:१५

अवांतरात अवांतर: पीठ आंबत नाहीये! कालपासून इडलीचं पीठ ढिम्म.

---

सई_मिसिसागा | सकाळी ८:१८

ओव्हन बंद, आतला दिवा चालू, भांडं आत, रात्रभर. आणि ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावा, "आत पीठ आहे". आमच्याकडे नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन तापवला होता.

---

कॅलगरीकर | सकाळी ८:४०

आमच्या घराचा थर्मामीटर खोबरेल तेलाची बाटली. २४ से. ला वितळतं, त्यामुळे ऑक्टोबर ते मे ते बाटलीतून बाहेर येतच नाही. रुंद तोंडाची बरणी घ्या, हीही हिवाळ्याची तयारीच.

---

नवघरमालक | १५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मंडळी, हात जोडले. उदबत्ती फिरवली. जेवणघरात धूर सरळ आडवा झाला. बायको काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

मेन व्हॉल्व्ह सापडला, लाल रिबीन बांधली. नळ झाला. फर्नेसवाला शनिवारी येतोय. काल माळ्यावर डोकावलो तर कापसासारखं काही नाही, राखाडी-सोनेरी चकाकणारे खडे पसरलेत, तीनचार इंच. हे काय आहे? झाडून काढून त्यावर नवं इन्सुलेशन टाकू का?

आणि भारतात जाताना घराचं काय, ते राहिलंच.

---

जुनी_जाणती | रात्री १०:३३

थांबा! हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट दिसतंय, पूर्वी इन्सुलेशनला वापरायचे ते खनिज. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतलं व्हर्मिक्युलाइट अमेरिकेत घरोघरी गेलं आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. खाण १९९० ला बंद झाली. त्यावर प्रक्रिया करणारा कारखाना ईशान्य मिनिआपोलिसमध्येच होता, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत ते सापडलं तर नवल नाही. न हलवता तसंच राहिलं तर धोका कमी. झाडलंत तर धूळ श्वासात जाते. झाकण नीट बंद करा, माळ्यावर सामान ठेवायला जाऊ नका, परवानाधारक अ‍ॅस्बेस्टॉसवाल्याला बोलवा. इन्सुलेशनचं काम त्यानंतर, या हिवाळ्यात नाही झालं तरी चालेल. यंदा रेकवर भागवा.

आणि खिडक्या-दारं बंद असण्याचा मोसम आहे तर रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणीही करा. आपल्या राज्यात पाचातल्या दोन घरांत तो जास्त निघतो असं आरोग्य खातं सांगतं. बेसमेंटमध्ये झोपायची खोली असेल तर जरूरच.

---

डॅलसचा_दिगू | रात्री १०:५०

भारतात जाताना: मेन व्हॉल्व्ह बंद करा. मग सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी सोडून द्या, संडासाच्या टाक्याही रिकाम्या करा. गॅसचा वॉटर हीटर असेल तर तो "व्हेकेशन"वर. फर्नेस मात्र बंद करायची नाही, ५५ च्या खाली नको. पैसे वाचवायला ४५ वर ठेवून गेलेले लोक मला माहीत आहेत. बाहेरच्या भिंतीत पाइप असतात तिथे खोलीपेक्षा बरंच गार असतं. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा.

---

सई_मिसिसागा | रात्री ११:०४

विम्याची पॉलिसी वाचून जा. आमच्याकडे कॅनडात कित्येक पॉलिसींमध्ये हिवाळ्यात घर रिकामं असेल तर कुणीतरी ठरावीक दिवसांनी येऊन बघायला हवं असं कलम असतं, नाहीतर पाइप फुटल्याचा दावा नाकारतात. नुसता कॅमेरा चालत नाही. किल्ली कुणाला तरी द्या.

---

नवघरमालक | रात्री ११:१२

शेजारच्या आजोबांना देता येईल, पण त्यांना बर्फ काढायला कसं सांगू? पंच्याहत्तरीचे आहेत.

---

जुनी_जाणती | रात्री ११:२०

बर्फासाठी गल्लीतला शाळकरी पोरगा बघा, आगाऊ पैसे देऊन ठेवा. फुटपाथ साफ करायची मुदत तुमच्या गावाच्या संकेतस्थळावर बघा. मिनिआपोलिस शहरात स्वतंत्र घराला बर्फ थांबल्यापासून २४ तास असतात, उपनगरांचे नियम वेगळे. आणि त्या पोराला मीठ ओतू देऊ नका. साधं मीठ १५ फॅ. च्या खाली फारसं काम करत नाही, वर एक चमचा मिठाने ५ गॅलन पाणी कायमचं खारावतं असं इथली प्रदूषण नियंत्रण संस्था सांगते. आधी खरवडायचं, मग निसरडं राहील तिथे वाळू.

आजोबांना नुसती किल्ली द्या. जाताना चकली-चिवड्याचा डबा द्या.

---

हिशेबी | रात्री ११:३१

हे मान्य नाही. आमच्या उतरत्या ड्राइव्हवेवर वाळूने काही होत नाही. सासूबाई घसरल्या तर गॅलनचा हिशेब कोण करणार?

---

जुनी_जाणती | रात्री ११:३६

उतारावर कॅल्शियम क्लोराइड टाका, मूठभर. पोतं नको.

---

नवघरमालक | रात्री ११:४८

सासूबाईंवरून आठवलं. भारतातून परतताना आईबाबांना सोबत आणायचा विचार आहे, जानेवारीत. आईला बर्फ बघायचाय. पाहुण्यांची खोली बेसमेंटमध्ये आहे, तिथे ६२ च्या वर जातच नाही. स्पेस हीटर ठेवला तर चालेल?

---

कॅलगरीकर | रात्री ११:५५

तेलाचा रेडिएटरसारखा दिसणारा घ्या, थेट भिंतीतल्या प्लगला लावा, एक्स्टेंशन कॉर्डला कधीच नाही, पडद्या-पांघरुणापासून तीन फूट लांब. आणि आधी तळघरातले फर्नेसच्या गरम हवेचे झरोके उघडे आहेत का ते बघा. जुने मालक उन्हाळ्यात बंद करून विसरलेले असतात.

---

टोळभैरव | १६ ऑक्टोबर, रात्री १२:०१

आईबाबांना मे महिन्यात बोलवा हो.

---

नवघरमालक | रात्री १२:०९

मेमध्ये बर्फ नसतो.

---

जुनी_जाणती | सकाळी ६:४०

एप्रिलमध्ये बोलवा. असतो.